सरकारी कडेची भाजी

थराद, बनासकांठा
६ जुलै २०२५

ती. यशोधराताईस,
धाकट्या भावाचा मनापासून जयभीम. वि. वि.

तू म्हणशील पाच महिन्यांनी ह्याला सवड मिळाली. सवड लई हाय गं, लिहायला बसलं की शब्द पळतात. आठवीतनं शाळा सोडली तवा तू बोलली हुतीस की एक दिवस अडशील. अडलो.

फोनचं सांगतो. कॅम्पवर रेंज न्हाई. कालव्याच्या लोखंडी दरवाज्यावर चढलं की दोन काड्या येतात. तुला लावतो, तर आई फोन हिसकून घेते आणि तिला ऐकू तर काय येत न्हाई. मागच्या बारीला मी विचारलं पाऊस झाला का, तिनं सांगितलं शेळी व्याली, दोन पाटी झाल्या. मी विचारलं गुडघा कसा हाय, तिनं सांगितलं एक पांढरी एक काळी. म्हणून कागद. तू तिला मोठ्यानं वाचून दाखव.

हॉटेल सोडलं, टेम्पो सोडला, चाकण सोडलं, ह्याचं बूड एका जागी टेकत न्हाई असं ती गावभर म्हणते, तर तिला सांग की आता टेकलंय. कालवा लई लांब हाय. दोन्ही कडंला गवत आणि वेडी बाभळ माजते, ती औषध मारून जाळायची. पाठीवर पंप घेऊन माणसं मारत जातात, आठ दिवसांत मागं सगळं पिवळं. मला सुपरवायझर केलंय. कोनी किती टाक्या मारल्या ते मी वहीत मांडतो. पंपाला हात लावावा लागत न्हाई. हे आईला दोनदा वाच.

औषधाची काळजी करू नका. ते फक्त गवताला कळतं, माणसाला काय करत न्हाई. आमचे ठेकेदार हर्षलशेठ म्हणतात, मिठापेक्षा गरीब हाय.

गल्लीतल्या महेंद्रदादाला सांग, नुसता पारावर बसू नको. विहारापासून गायरानापर्यंतच्या रस्त्याची कड दरसाल विळ्यानं कापता, त्यापेक्षा ग्रामपंचायतीला विचार आणि फवारा मार, एका दिवसाचं काम. माप वेगळ्या कागदावर लिहिलंय. डब्यावर असतं त्याच्या दुप्पट टाकायचं, न्हाईतर बाभळ हालत न्हाई.

बाकी बरं हाय. हितं मला कुनी भीमराज म्हणत न्हाई, ए महाराष्ट्र म्हणतात. बीडकडचे श्रीमंतमामा हायेत, तेच एक मराठी बोलणारे. ते पण दिवसाला चार वाक्यं बोलतात, त्यातली दोन बिडीबद्दल. कधी कधी मी चालता चालता आपल्या गल्लीतल्या सगळ्यांची नावं मोठ्यानं घेतो. गल्ली संपते, कालवा संपत न्हाई.

आईला जयभीम. माझ्यावरची माया उन्हात ठेवू नका, वाळंल.

तुझा,
भीमराज


तिसगाव
२१ जुलै २०२५

चि. भीमराज यास,
ताईचा सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. पत्त्यावर अजून अहमदनगर लिहितोस. जिल्ह्याचं नाव बदललं हे तुझ्या कालव्यापर्यंत पोचलेलं दिसत नाही. पोस्टमनला मात्र आमचं घर पाठ आहे. तुझं अक्षर बघून माझ्या अंगणवाडीतली पोरं बरी वाटली, पण वाचता आलं हे महत्त्वाचं.

आईनं पत्र चारदा वाचायला लावलं. पाचव्यांदा मी घसा बसल्याचं सांगितलं, तर म्हणाली की मग नुसतं बोट फिरव. दुसऱ्या दिवशी पदराला बांधून बाजारात घेऊन गेली. तिच्या पाटीशेजारी बसणाऱ्या सगळ्या बायकांना आता ठाऊक आहे की विमलबाईंचा भिमा गुजरातेत सुपरवायझर आहे. ते झाल्यावर तिनं कागद अण्णांच्या पत्र्याच्या पेटीत ठेवला, घरपट्टीच्या पावत्यांवर. तुला माहीत आहे ती पेटी. घराची जागा आपली नाही म्हणून लोक अंगावर आले होते, तेव्हा अण्णांनी एक पिवळी पावती पुढे केली आणि सगळे परत फिरले. तेव्हापासून आईच्या लेखी बोलणं वाऱ्यावर जातं आणि कागद राहतो.

महेंद्र तुझ्या मापाचा कागद घेऊन सरपंचांकडे गेला. त्यांना पटलं. गेल्या सोमवारी त्यानं विहारापासून गायरानापर्यंत दोन्ही बाजू फवारल्या. शाळेच्या भिंतीकडेलाही मारलं. तोंडाला रुमाल नाही, पायात चप्पल, आणि वरून गाणी म्हणत होता.

आता माझ्या काळजीचं सांगते. आईची भाजी तिथलीच. तांदुळजा, घोळ, पाथरी, कुंजरा, सगळं त्या कडेचं. तिला कुणाच्या बांधावर जायला सांगून उपयोग नाही. अण्णांची शिस्त तुला ठाऊक आहे. कुणाच्या बांधावरचं पान तोडून दोन शब्द ऐकायचे नाहीत, सरकारी जागा सगळ्यांची म्हणून ती आपली. फवारा मारून दोन दिवस झाले तरी पानं हिरवीगार होती आणि ही पाटी भरून आली. मी म्हटलं, टाकून दे. तिनं पेटी उघडली, तुझा कागद माझ्यासमोर धरला आणि मला म्हणाली की वाच, माणसाला काय करत नाही ते. वाचता न येणाऱ्या बाईनं बोट बरोब्बर त्या ओळीवर ठेवलं होतं.

महेंद्रच्या धनश्रीला चौथा महिना आहे. तिला घोळीचे डोहाळे लागलेत. आई रोज एक जुडी तिच्या घरी पोचवते.

म्हणून विचारते. माणसाला काय करत नाही हे खरं आहे ना? महेंद्रच्या डब्यावरची अक्षरं इतकी बारीक आहेत की मला चष्मा लावूनही लागत नाहीत आणि अर्धी पुसलीत. तू सुपरवायझर आहेस, नव्या डब्यावरचं वाचून कळव.

शेळीची पिल्लं खरंच गोड आहेत. काळीला आईनं तुझं नाव ठेवलंय, कारण तीही एका जागी थांबत नाही.

जेवणाची आबाळ करू नकोस. इथं तुझी वाट बघणाऱ्यांत आता एका पाटीची भर पडली आहे.

तुझी,
ताई


थराद
४ ऑगस्ट २०२५

ती. ताईस जयभीम.

तुझा कागद मिळाला. आईनं काळ्या पाटीला माझं नाव ठेवलं ते लई आवडलं. चला, एक तरी भिमा घरी हाय.

औषधाचं विचारलंस. काय होत न्हाई. भाजी दोन पाण्यानं धुवा म्हणजे झालं. डब्यावर लई लिहिलेलं असतं, सगळं वाचत बसलं तर काम कदी करायचं.

अक्षर वाकडं आलं असंल तर पेन खराब हाय.

श्रीमंतमामा सुट्टीवर गेले. त्यांची खाट मोकळी हाय, तिच्यावर मी माझी पिशवी ठेवतो, म्हणजे कोन तरी हाय असं वाटतं. आता दिवसाला चार वाक्यं पण न्हाईत.

परवा कालव्यावर एक म्हातारी आली हुती, भाजी खुडायला. आईसारखीच बसती, एक पाय दुमडून. मी लांबून बघितलं आणि

बाकी पुढं कदी तरी. पाऊस आला, कागद भिजतोय.

भीमराज


तिसगाव
१९ ऑगस्ट २०२५

चि. भीमराज यास,
जयभीम आणि आशीर्वाद.

तुझं अर्धं वाक्य मला चार दिवस झोपू देत नाही. कागद भिजलेला नव्हता, भिमा. कोरडा ठणठणीत होता.

इथलं ऐक. महेंद्रनं नारळी पौर्णिमेच्या आधी फवाऱ्याचा दुसरा हात मारला. त्या आठवड्यात आईचं तोंड आलं, जिभेला भाकरी टोचायला लागली. मग दोन दिवस उलट्या झाल्या. ती म्हणते उष्णता. धनश्रीलाही उलट्या होतात, आता त्या दिवस गेल्यामुळे की भाजीमुळे कसं ओळखायचं? महेंद्रचा एक डोळा कुंकवासारखा लाल आहे आणि तो म्हणतो की चिलट गेलं.

मी दोघींना आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं. म्हणाल्या की ह्याच भाजीनं झालं असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, पण नुकतं फवारलेलं पान खायचं नाही एवढं नक्की. धुतल्यानं पूर्ण जात नाही. आज काही दिसलं नाही म्हणून पुढंही काही होणार नाही असं नसतं, आणि पोटातल्या बाळाबाबत तर तेवढीही जोखीम घेऊ नये. त्यांनी धनश्रीला बजावलं. आईलाही बजावलं, कानाशी वाकून, मोठ्यानं.

आईनं मान हलवली. घरी आल्यावर पेटी उघडली. आता तिच्याकडे दोन कागद आहेत. एकात काय करत नाही लिहिलंय, दुसऱ्यात दोन पाण्यानं धुवा लिहिलंय. तिनं तीन पाण्यानं धुतली आणि खाल्ली. बाजारातल्या बायकाही तिच्या भरवशावर त्याच कडेला खुडतात. मी ओरडले तर मलाच म्हणाली की डॉक्टरीणबाई काय रोज त्या औषधात असते का, माझा लेक असतो.

तेव्हा माझं ती ऐकणार नाही आणि दवाखान्याचंही नाही. तुझ्या कागदाचं ऐकेल. पुढचा हात सप्टेंबरात मारायचा आहे. त्याच्या आत कागद येऊ दे. पण खरा. श्रीमंतमामांना ऐन हंगामात सुट्टी कशी मिळाली तेही त्यात येऊ दे.

मी रागावलेली नाही. घाबरले आहे. लवकर लिही.

तुझी,
ताई


थराद
२६ ऑगस्ट २०२५

ती. ताईस, आणि आईस,
भीमराजचा जयभीम.

ताई, हा कागद आईला मोठ्यानं वाच. पहिला जसा बाजारात नेला तसा हा पण बायकांसमोर वाच. मधली एक पण ओळ गाळू नको, तुला माझी आन हाय.

आई, मी सुपरवायझर न्हाई. वही शेठच्या गाडीत असती. मी पंप मारतो. दिवसाला वीस टाक्या. माझ्या पंपाची नळी गळती, दुपारपर्यंत पाठ आणि कंबर ओली हुती. पहिल्या महिन्यात पाठीवर चट्टे उठले. मग तळहाताची साल निघाली. आता उजव्या हाताच्या तीन नखांचा रंग गेलाय आणि एक नख उचकटून पडलं. पेन चांगला हाय. हात खराब हाय. हातमोजे एकदा दिले हुते, ते पंधरा दिवसात फाटले, त्यानंतर कुनी विचारलं न्हाई आणि मी पण मागितले न्हाईत, कारण मागितले की म्हणतात, गावाला जा.

तोटीचं भोक चोंदतं. मग ती काढून तोंडानं फुंकायची. आमी सगळेच फुंकतो, त्याला काय वाटत न्हाई. श्रीमंतमामांनी फुंकली आणि घोट आत गेला. रात्रभर घसा जळला म्हणत हुते, तोंडात फोड आले, तिसऱ्या दिवशी चालताना दम लागायला लागला. शेठनी त्यांना एस्टीत बसवून दिलं आणि आमाला सांगितलं सुट्टी. त्यांचा फोन लागत न्हाई. पाच महिने एका खोलीत झोपलो, मला त्यांच्या गावाचं नाव पण नीट माहीत न्हाई.

आता त्या म्हातारीचं, जे मी अर्धं सोडलं. आमी मारलं की दुसऱ्या दिवशी पान हिरवंच असतं. उलट धुतल्यावानी चमकतं. चौथ्या पाचव्या दिवसानंतर मरायला लागतं. ती दुसऱ्या दिवशी आली आणि मी मारलेल्याच पट्ट्यात बसली. मी ओरडत पळत गेलो, पण ओरडलो मराठीत. तिला वाटलं सरकारी मानूस हाकलतोय. ती घाबरली न्हाई, हसली, आणि ओच्यातली मूठभर भाजी काढून माझ्या हातावर ठेवली. हप्ता द्यावा तशी. तांदळजो, असं म्हणाली. आपल्यासारखाच शब्द, आई. सहा महिन्यात श्रीमंतमामा सोडले तर माझ्याशी कुनी आपल्या घरचा शब्द बोललं असंल तर ते तेवढंच. विष, जहर, काय म्हणतात त्यांच्यात, त्या टायमाला काय आठवेना. मी मूठ धरून उभा ऱ्हायलो आणि ती ओचा भरून निघून गेली.

त्यानंतर ती आली न्हाई. पाऊस हुता म्हणून आली नसंल. लेकीकडं गेली असंल. मी रोज तिथं थोडा थांबतो. कुठल्या वस्तीवरची ते मी विचारलं न्हाई, आणि आता विचारायचं तर काय नाव घेऊन विचारू.

तुझा कागद आला त्या दिवशी शेठच्या ड्रायव्हरकडनं डबा वाचून घेतला, त्यावरचं इंग्रजी-गुजराती मला लागत न्हाई. फवारलेल्या जागी जनावर सोडू नये. अंगावर, डोळ्यात जाऊ देऊ नये. मापापेक्षा जास्त टाकू नये. आणि मी महेंद्रदादाला दुप्पट लिहून दिलं. ज्याला डबा वाचता येत न्हाई त्यानं गावाला माप लिहून दिलं.

त्यामुळं आई, तुझ्या पेटीतले माझे दोन्ही कागद खोटे हायेत. हा खरा हाय. ती भाजी खाऊ नको, कुनाला देऊ नको. धनश्रीवहिनीच्या पाया पडलो म्हणून सांग. महेंद्रदादाला सांग पंप खाली ठेव आणि डोळा दाखव.

मी गवत मारत पुढं जातो आणि मागं वळून कदी बघत न्हाई, म्हणून इतके दिवस निभलं. आता मागं तिसगाव दिसतंय.

माया करायला जागा उरली असंल तर ठेवा.

भीमराज


तिसगाव
८ सप्टेंबर २०२५

चि. भिमास,
तुझ्या आईचा जयभीम, आणि डोक्यावर हात. मी सांगते, यशू लिहिते. तिला सांगितलंय, मी बोलते तसंच लिही, शहाणपणा करू नको.

तुझा कागद काल पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर यशूनं वाचला. सगळ्या बायका हुत्या. महेंद्र हुता, धनश्री हुती. मी यशूच्या शेजारी उभी ऱ्हायले. एक ओळ गाळली न्हाई. मला अर्धं ऐकू आलं, बाकीचं मी बायकांच्या तोंडाकडं बघून वाचलं. सुपरवायझर न्हाई म्हणाली तवा माझ्याकडं कुनी बघितलं न्हाई. चांगल्या हायेत बाया.

महेंद्रनं उरलेला डबा ग्रामपंचायतीत नेऊन दिला आणि पुढचा हात मारणार न्हाई म्हणून सांगून आला. डोळ्याला औषध चालू हाय. बाया म्हणाल्या, कड आपली हाय, आपण विळ्यानं कापू, पुढल्या पावसापर्यंत तिथलं पान कुनी खुडायचं न्हाई. माझी पाटी रिकामी हाय. अवधूत गुरुजी म्हणाले, आमच्या बांधावर या. मी हो म्हणाले आणि गेले न्हाई. दारात फुटक्या टोपल्यात तांदुळजा पेरलाय. काळी भिमा खाऊन जाते.

धनश्रीचं बाळ हालतंय. डॉक्टरीण म्हणाली, बाळंतपण होईस्तोवर मी काय सांगू शकत न्हाई. त्या पोरीला रोज जुडी मी दिली. ते मला कुठं ठेवता येत न्हाई.

आता तुला एक सांगायचंय. यशूला पण आत्ता कळतंय, तिचा पेन थांबला बघ.

तुझा पहिला कागद आला तवाच त्याला वास हुता. महेंद्रच्या पंपाला येतो तोच. तुझे अण्णा शुगर फॅक्टरीत हुते, त्यांच्या सदऱ्याला मळीचा वास यायचा, मी तीन वेळा धुतला तरी. वही मांडणाऱ्या साहेबांच्या सदऱ्याला कदी आला न्हाई. मला वाचता येत न्हाई, भिमा, पण वास येतो. पंप तुझ्याच पाठीवर हाय हे मला महेंद्रनं पहिल्यांदा फवारलं त्याच दिवशी कळलं.

मग मी मनात म्हणाले, पोरगं दिवसभर त्या औषधात उभं हाय आणि म्हणतंय काय होत न्हाई. तर होत नसंल. भाजी केली, खाल्ली, काय झालं न्हाई. म्हणजे तुला पण काय झालं न्हाई. रोज मी तेवढ्यासाठी खायची. तोंड आलं तवा यशूला उष्णता म्हणाले. ती भाजी वाईट म्हणाले असते तर तुझं पण वाईट म्हणावं लागलं असतं, आणि ते माझ्या तोंडातनं निघेना.

पेटीतले दोन्ही कागद मी काढले. खोटे असले तरी तुझ्या हातचे हायेत, जाळवत न्हाईत. बाहेर वळचणीला ठेवलेत, वास जाईस्तोवर.

आता कागद पाठवू नको. वाटेत ती म्हातारी दिसली तर तिच्यापाशी थांब, शब्द न्हाई आला तर हात दाखव तिला, तिला कळंल. आणि मग एस्टीत बस. श्रीमंतमामाचं गाव आपण हितनं शोधू.

ये. मला तुझी नखं बघायचीत.

तुझी आई,
विमलबाई सोपान यांचा अंगठा